सांगलीत आरसी गाड्यांची ६ तासांची टीम एन्ड्युरन्स रेस घ्यायचीय, कशी बसवायची?

विश्रामबाग_आरसी

नमस्कार मंडळी. सांगली-मिरज-कुपवाड मिळून आमचा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी कुठंतरी मोकळं पार्किंग बघायचं आणि गाड्या पळवायच्या असं चाललेलं असतं. आत्तापर्यंत पाच-पाच मिनिटांच्या हीट, म्हणजे छोट्या रेस लावायचो, पण त्यात होतं काय की ज्याच्या गाडीत तगडी मोटर तोच पुढं, आणि नवीन पोरगं दुसऱ्याच वळणाला पलटी झालं की त्याची रेस तिथंच संपली, मग ते पुढच्या रविवारी येतच नाही. म्हणून डोक्यात बसलंय की यंदा थंडीत एक टीम एन्ड्युरन्स रेस घ्यायची. एका टीमला एक गाडी आणि चार ड्रायव्हर, आळीपाळीनं चालवायची, सहा तास सलग, ज्याचे लॅप जास्त तो जिंकला. गाडी मोडली तर पिटमध्ये आणा, दुरुस्त करा आणि परत सोडा.

गाड्यांचं म्हणाल तर तिघाचौघांकडं टामियाची टीटी-०२ आहे, बरीच पोरं डब्ल्यूएल टॉईजच्या १४४००१ वर आहेत, एकदोन ट्रॅक्सास स्लॅश आहेत आणि तासगाव साईडच्या एका काकांकडं नायट्रो बग्गी आहे, म्हणजे बॅटरीऐवजी इंधनाच्या इंजिनावर चालणारी. जागा दोन डोळ्यासमोर आहेत, एका कॉलेजची शेजारी-शेजारी असलेली दोन बास्केटबॉल कोर्टं, नाहीतर कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या कारखान्याचं काँक्रीटचं पार्किंग, रविवारी रिकामंच असतं.

आता अडलंय कुठं ते सांगतो. लॅप मोजायचे कसे, कारण ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे गाडीत चिप बसवून आपोआप लॅप मोजणारी सिस्टीम आमच्या खिशाला झेपणारी नाही. बॅटऱ्या टीममागे किती लागतील, आणि एवढे चार्जर एका जागी लावले तर फ्यूज उडायचा नाही ना. वेगवेगळ्या गाड्या एकत्र पळवायच्या का नको. ड्रायव्हर उभे कुठं करायचे, सपाट जमिनीवरून लांबची गाडी दिसतच नाही. ज्यांनी असलं काही घेतलंय किंवा त्यात पळालेत त्यांनी जरा सविस्तर लिहा. एन्ट्री फी कमी ठेवायचीय, कॉलेजच्या पोरांना परवडली पाहिजे.

अजिंक्यतारा_पिट

भाऊ घ्याच, विचार बदलू नका. आम्ही साताऱ्यात एका शाळेच्या कोर्टवर तीन तासांची घेतो त्यामुळं अनुभवाचं सांगतो. गाड्या किती येणार ते नंतर बघा, माणसं किती येणार ते आधी मोजा. असली रेस फसते ती माणूस कमी पडल्यामुळंच.

हिशोब करून दाखवतो. कोर्टवर आखलेल्या ट्रॅकचा लॅप साधारण २० सेकंदांचा धरा. म्हणजे एका गाडीचे तासाला १८० लॅप, सहा तासांत हजाराच्या वर. दहा गाड्या असल्या की मिनिटाला ३० वेळा रेष ओलांडली जाणार, दर दोन सेकंदांना एक गाडी. हे दोघांनी वहीवर टिपायचं म्हटलं तर अर्ध्या तासात डोळ्यांपुढं सगळ्या गाड्या सारख्याच दिसायला लागतात, आणि एकदा का "आमचे तीन लॅप कमी धरले" सुरू झालं की पुढची रेस भांडणातच जाते.

आम्ही काय करतो, प्रत्येक गाडीला एक मोजणारा आणि तो दुसऱ्या टीमचा. एक नंबरच्या गाडीचे लॅप दोन नंबरची टीम मोजणार, दोनचे तीनवाले. हातात छापील कागद, त्यावर १ ते १०० आकडे, गाडी गेली की आकड्यावर काट. बस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर अर्ध्या तासाला हिशोब बंद करायचा. कागद जमा, बेरीज फळ्यावर, दोन्ही टीमच्या कॅप्टनची सही, नवीन कागद सुरू. मग वाद झाला तरी त्या अर्ध्या तासापुरता होतो, मागचं उकरून काढता येत नाही. फिनिश लाईनवर एक मोबाईल स्टँडला लावून सलग रेकॉर्डिंग ठेवा, चार्जिंगची वायर जोडून. अडलं तर तेवढा तुकडा बघायचा. नंबर गाडीच्या छतावर मोठा आणि काळ्यावर पांढरा किंवा उलटा लावायला सांगा, पोरं झकपक स्टिकर लावतात आणि लांबून ३ आहे का ८ तेच कळत नाही.

आता मार्शल. वळणावर गाडी उलटली की सरळ कोण करणार? प्रत्येक टीमनं कायम एक मार्शल द्यायचा, जागा ठरवून. मार्शल जागेवर नसला तर त्या टीमचे लॅप कापायचे, इथं दयामाया नको, कारण एक वळण रिकामं राहिलं की सगळ्यांचंच नुकसान. मार्शलला एकच शिकवा, आधी येणारी गाडी बघायची, ती गेली की उचलायचं, गाडी ठेवताना पळत्या गाडीसमोर सोडायची नाही. बूट कंपल्सरी. चप्पल घालून आलेल्याला परत पाठवा, घोट्यावर आरसी गाडी बसली की काय होतं ते ज्याला बसलीय त्यालाच माहीत.

मग आता बेरीज करा, एक जण चालवतोय, एक मार्शल, एक लॅप मोजतोय, एक पिटमध्ये बॅटरी आणि दुरुस्ती बघतोय. झाले चार. जेवायला जाणार कोण? म्हणून टीम चारची ठेवू नका, सहाची करा, किमान पाच. हे एवढं एक जरी ऐकलंत तरी तुमची रेस व्यवस्थित पार पडेल.

वेळेबद्दल पण बोलतो. सहा तास ऐकायला भारी वाटतं. पण १/८ (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याच्या) नायट्रो बग्गीची इफमारची, म्हणजे आरसी रेसच्या जागतिक संघटनेची वर्ल्ड चॅम्पियनशिप असते त्याची मेन फायनल सुद्धा एक तासाची असते, आणि तिथं एकच ड्रायव्हर असला तरी जगातला सगळ्यात भारी असतो. पहिल्यांदा तीन किंवा चार तास घ्या. लोक "अजून पाहिजे होतं" म्हणत घरी गेले तर पुढच्या वर्षी दुप्पट येतील.

ड्रायव्हरचा वाटा ठरवून टाका, हे राहून गेलं तर एक जण सगळी रेस खातो आणि बाकीचे नुसते बॅटऱ्या वाहतात. पंधरा-वीस मिनिटांची पाळी, आणि प्रत्येकानं निदान अमुक वेळ चालवलीच पाहिजे असा नियम. ड्रायव्हर बदलायचा म्हणजे नुसता रिमोट हातातून हातात द्यायचा, बाइंड (रिमोट-गाडीची जोडणी) वगैरे काही परत करायला लागत नाही, पण गाडी पिटमध्ये उभी असतानाच द्यायचा. आणि रिमोटमध्ये पेन्सिल सेल सकाळी नवे टाका, चालू रेसमध्ये रिमोट मेला तर गाडी कुणाच्या तरी पायावर जाते. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबते का ते, प्रत्येक गाडीचं तपासूनच आत सोडा, म्हणजे गाडी टेबलावर चाकं वर करून ठेवायची, थ्रॉटल द्यायचा, रिमोट बंद करायचा, चाकं थांबली तर पास.

कुपवाड_वायरमन

वरच्या दादांनी माणसांचं लिहिलंय, मी बॅटरीचं आणि लाईटचं लिहितो, कामच ते आहे माझं.

टीटी-०२ मध्ये साधी सिल्व्हर कॅन ५४० मोटर आणि २एस (दोन सेलची) ५००० एमएएचची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी असेल तर साधारण २५-३० मिनिटं निघतात. ५००० ची बॅटरी ५ अँपनं चार्ज करायची म्हणजे तास, बॅलन्स, म्हणजे दोन्ही सेल सारखे व्हायला पाच-दहा मिनिटं वर धरा. गाडीतून काढलेली बॅटरी गरम असते, ती लगेच चार्जरला लावायची नाही, दहा मिनिटं निवू द्यायची. म्हणजे एक बॅटरी गाडीतून निघाल्यापासून परत तयार व्हायला ८० मिनिटं. तेवढ्यात गाडी तीन बॅटऱ्या खाणार. चार बॅटऱ्या असल्या की चक्र फिरत राहतं, तीनवर ओढाताण होते.

१४४००१ चं गणित वेगळं आहे आणि हे पोरांना आधी सांगा. तिची कंपनीची बॅटरी २एस १५०० ची, जोरात चालवली तर दहा मिनिटांच्या आसपास संपते. १ सी नं, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेएवढ्याच करंटनं (इथं दीड अँप) चार्ज करायची म्हणजे इथं पण तासच. दहा मिनिटांना एक बॅटरी आणि तयार व्हायला ८० मिनिटं, म्हणजे नऊ बॅटऱ्या झाल्या. बॅटरीवर जास्त चार्ज रेट छापलेला असला तर २ सी नं लावता येते, मग पाच-सहात भागतं, पण छापलेलं नसलं तर कुणी कितीही शहाणपणा सांगू दे, १ सी च. गाडी स्वस्त म्हणून घेतली आणि रेसला बॅटऱ्यांतच पैसे गेले असं व्हायला नको. २ सी चालत असेल आणि टीममधल्या सहा जणांच्या सहा बॅटऱ्या एकत्र केल्या तर मात्र जमतंय, सगळ्यांकडं तीच गाडी आहे त्याचा हा फायदा.

लाईटचं टेन्शन घेऊ नका, लोड कमी असतो. ५ अँप गुणिले ८.४ व्होल्ट म्हणजे ४२ वॅट, चार्जरचा लॉस धरून ५० धरा. एका टीमचे एकावेळी तीन चार्जर चालले तर १५०, आठ टीमचे १२०० वॅट. २३० व्होल्टला पाच-साडेपाच अँप. घरातली इस्त्री एवढंच खाते. पण म्हणून एकाच सॉकेटमधून एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत जाऊ नका, आग लागते ती तिथल्या ढिल्या पिनांमुळं. वेगळा बोर्ड करा, एमसीबी आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (शॉक लागला की लाईट तोडणारा) त्यात पाहिजेच, बोर्ड मी आणून देतो. लाईट गेली तर? बऱ्याच हॉबी चार्जरना मागच्या बाजूला डीसी इनपुट असतो, १२ व्होल्टवर चालतात. एखादी चारचाकीची नाहीतर ट्रॅक्टरची बॅटरी बाजूला ठेवा, रेस थांबत नाही.

आता जे लिहितोय ते मोठ्या अक्षरात पिटमध्ये लावा. फुगलेली बॅटरी गेटवरच बाजूला, कोणाची का असेना. चार्जिंगचं टेबल मांडवाच्या कापडापासून लांब, उघड्यावर पण सावलीत, आणि टेबल लाकडी नको, फरशी नाहीतर पत्रा. प्रत्येक टीमनं चार्जिंग पत्र्याच्या पेटीत किंवा लायपो बॅगमध्ये करायचं, पेटीचं झाकण कडी घालून बंद करायचं नाही, गॅस निघायला वाट पाहिजे. वाळूच्या दोन बादल्या. एक लांब सांडशी टेबलाला टांगून ठेवा, धूर निघाला तर हातानं नाही, सांडशीनं उचलून वाळूत. आणि तो धूर नाकात घ्यायचा नाही, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. चार्जिंगपाशी पूर्ण वेळ एक मोठा माणूस, ज्याला रेस बघायला जायची परवानगी नाही. मी थांबतो.

ईएससीचं (मोटरच्या स्पीड कंट्रोलरचं) लो व्होल्टेज कट ऑफ चालू आहे का बघा, जोशात शेवटचे दोन लॅप काढायच्या नादात सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की ती बॅटरी पुढच्या चार्जला दगा देते.

लूप_आणि_सोल्डर

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगलीतच. आमचे सिनियर बाहा एसएई इंडियाला, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफरोड गाड्यांच्या स्पर्धेला जातात, तिथली एन्ड्युरन्स चार तासांची असते, त्यामुळं दादांचा चार तासांचा सल्ला मला पटला, गाडीतलं जे जे ढिलं असतं ते चार तासांत बाहेर येतंच.

लॅप काउंटरबद्दल बोलायचं तर ट्रान्सपॉन्डर विकत घ्यायची गरज नाही, इन्फ्रारेडवर घरी होतं. गाडीत एक एटटायनी-८५ चिप आणि एक आयआर एलईडी, बॉडीला भोक पाडून एलईडी वर तोंड करून. फिनिश लाईनवर कमान, कमानीला खाली तोंड करून टीएसओपी-१७३८ रिसीव्हर, टीव्हीच्या रिमोटला असतो तोच, ३८ किलोहर्ट्झवाला. प्रत्येक गाडी स्वतःचा कोड सारखा पाठवत राहते, कमानीखालून गेली की लॅपटॉपवर नोंद. पॉवर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलमधून घ्यायची, फक्त बीईसी (रिसीव्हरला पॉवर देणारा भाग) ६ व्होल्टचा असेल तर मध्ये एक डायोड टाका कारण ती चिप साडेपाचच्या वर चालत नाही.

दोन गाड्या एकदम गेल्या तर कोड एकमेकांत मिसळतात हा खरा प्रॉब्लेम असतो. त्यासाठी कोड लहान ठेवायचा, दहा मिलीसेकंदांच्या आत, आणि दोन कोडमधली गॅप दरवेळी वेगवेगळी. ताशी २५ किमीनं जाणारी गाडी सेकंदाला ७ मीटर जाते, कमानीखालचा अर्धा मीटर पार करायला तिला ७० मिलीसेकंद लागतात, तेवढ्यात तीन-चार वेळा कोड जातो, त्यातला एक तरी स्वच्छ मिळतो. एकदा नोंद झाली की पुढचे पाच सेकंद त्या गाडीची दुसरी नोंद घ्यायची नाही असं प्रोग्रॅममध्ये टाकायचं.

उघड्यावर मात्र सूर्य त्रास देतो, ऊन थेट रिसीव्हरवर पडलं की तो आंधळा होतो. म्हणून कमानीवर चांगली रुंद ताडपत्री आणि रिसीव्हरभोवती काळ्या पाईपचा तुकडा. आणि एवढं करून सुद्धा पहिल्या वर्षी हाताची मोजणी बंद करू नका. कुणाचा एलईडी निखळला तर त्या टीमचे लॅप गायब व्हायला नकोत. तुमचं ठरलं तर आमच्या हॉस्टेलमधली तिघं-चौघं मिळून सर्किट बनवून देतो, सामानाचा खर्च द्या फक्त.

मिरजेची_आई

माझी मुलगी सातवीत आहे, १४४००१ चालवते, माझ्यापेक्षा चांगली चालवते खरं तर, आणि मी तिच्याकडूनच शिकले. मोठ्या मुलांच्या हीटमध्ये ती उतरायला नको म्हणते कारण एकदा मागं पडलं की सगळे नुसते तिच्या गाडीला ठोकून पुढं जातात. टीम रेस म्हटल्यावर तिनंच मला हा धागा वाचून दाखवला.

तुम्ही नवीन पोरांसाठी रेस करताय म्हणताय तर नियमातच घाला ना, प्रत्येक टीममध्ये एक जण चौदा वर्षांखालचा किंवा ह्याच वर्षी चालवायला लागलेला पाहिजे, आणि त्यानं ठरलेला वेळ चालवलीच पाहिजे. म्हणजे चांगल्या ड्रायव्हरला आपल्या टीममधल्या लहानग्याला शिकवावंच लागेल, रेसच्या आधी चार रविवार त्याला घेऊन प्रॅक्टिस करावी लागेल. आमच्याकडं मुलांना कुणी बसून शिकवत नाही, नुसतं "बघ आणि शिक" असतं.

आणि बायकांसाठी टॉयलेटची सोय आहे अशीच जागा निवडा, कारखान्याच्या पार्किंगमध्ये रविवारी ते कुलूपबंद असतं. हे कुणी विचारत नाही म्हणून लिहिते.

तासगावची_बग्गी

ते नायट्रोवाले काका म्हणजे मीच. माझा मुद्दा एवढाच की नायट्रोला वगळू नका, आवाजाशिवाय रेस म्हणजे काय मजा, इंजिनाचा आवाज आला की रस्त्यानं जाणारी माणसं पण थांबून बघत्यात. पेट्रोल भरल्यागत इंधन भरायचं, पिट स्टॉप खरा वाटतो, बॅटऱ्यांची कटकट नाही.

बाकी सामानाचं म्हणाल तर ड्रायव्हर उभं करायला दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या शेजारी शेजारी लावायच्या, चाकाला दगड, मागं फळ्या टाकून चढायची वाट. जमिनीपासून चार फूट उंची आपोआप मिळते, दहा-बारा जण आरामात उभं राहत्यात. ट्रॅकच्या कडेला पीव्हीसी पाईप टाका ६३ एमएमचा, गाडी आदळली तरी पाईप थोडा सरकतोय, गाडी वाचतीय. वळणावर पाईप वाकत नाही तिथं लपेटा पाईप (शेतातला गुंडाळता येणारा मऊ पाईप) वाळू भरून टाकायचा. ठिबकची लॅटरल नको, ती बारीक पडते, गाडी वरून उडी मारून शॉर्टकट मारती.

अजिंक्यतारा_पिट

काका ट्रॉलीची आयडिया लय भारी, आम्ही इतकी वर्षं शाळेच्या बाकांवर पोरं उभी करतोय.

नायट्रोचं मात्र मनापासून सांगतो, ह्या रेसला नको. एक तर १/८ ची बग्गी वजनाला जड, १४४००१ ला तिनं धडक दिली तर त्या पोराची गाडी तिथंच संपली. दुसरं म्हणजे त्या इंधनात मिथेनॉल असतं, दिवसा उजेडात त्याची ज्योत डोळ्याला धड दिसत पण नाही, आणि शेजारी लायपो चार्ज होतायत. तिसरं, कॉलेजवाले आवाजाला हो म्हणणार नाहीत. दुपारी जेवणाच्या वेळात अर्धा तास रेस थांबवून काकांची बग्गी एकटी पळवा, लोकांना बघायला मिळेल आणि काकांचा पण मान राहील.

स्लॅशबद्दल पण तेच. एक गाडी, एक क्लास. तुमच्याकडं १४४००१ जास्त आहेत तर तोच क्लास ठेवा, मोटर कंपनीची, पिनियन (मोटरवरचा गिअर) कंपनीचा, टायर काय लावायचे ते लावा. टीटी-०२ वाल्यांची वेगळी एक तासाची रेस संध्याकाळी. चार गाड्यांसाठी मुख्य रेसचा नियम वाकवू नका. चॅसिसला सुरुवातीला रंगाचा ठिपका मारा, ती एक बदलायची नाही, बाकी काहीही मोडलं तर बदला. पिटमध्ये गाडी आली की कमीत कमी एक मिनिट थांबलीच पाहिजे असा नियम ठेवा, नाहीतर घाईत पोरं बॅटरीचं कव्हर अर्धवट लावून सोडतात आणि बॅटरी ट्रॅकवर लोळते.

पार्ट्सचं आधीच सगळ्यांना सांगा, पुढचे सस्पेन्शन आर्म, स्टीअरिंगचे कप, डिफचे गिअर, बॉडी क्लिप मूठभर. स्टीअरिंग वळवणारा सर्व्हो एक जास्तीचा. आपल्याकडं रविवारी हे कुठं मिळत नाही आणि ऑनलाईन मागवलं तर आठवडा जातो.

विटा_ड्रिफ्ट

ग्रिपचं कुणी बोललं नाही. काँक्रीटवर बारीक माती असली की गाड्या बर्फावर असल्यागत घसरतात, आदल्या दिवशी खराट्यानं झाडा आणि टँकरनं धुऊन घ्या. साखरपाणी मारलं तर ग्रिप जबरदस्त येते, बाहेरच्या देशात डांबरी पार्किंगवरच्या रेसला हे करतात, आणि साखरेला सांगली जिल्ह्यात काय तोटा. एकदम पातळ पाणी करून फवारणीच्या पंपानं मारायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. रेस झाली की पाण्यानं धुवा, नाहीतर सोमवारी मुंग्या आणि तुमचं नाव दोन्ही निघेल. कॉलेजच्या कोर्टवर विचारल्याशिवाय मारू नका.

कुणी मांडवाची हिरवी मॅट अंथरा म्हणेल तर अजिबात नको. तिचे धागे ॲक्सलला गुंडाळत जातात, तासाभरात बेअरिंगपर्यंत आत जातात आणि चाक जाम. ब्लेडनं कापून काढत बसावं लागतं.

विश्रामबाग_आरसी

मंडळी, एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री ग्रुपमध्ये बसून बरंच ठरवलं ते लिहितो, कुठं चुकतंय वाटलं तर लगेच सांगा.

चार तास. क्लास फक्त १४४००१, टीम सहाची, आठ टीमच्या वर घ्यायच्या नाहीत. ताईंचा नियम जसाच्या तसा घेतला, प्रत्येक टीममध्ये एक लहान किंवा नवीन, आणि त्यानं निदान ४० मिनिटं चालवायची. ग्रुपमध्ये दोघांनी कुरकुर केली की मग लॅप कमी होतील, पण सगळ्यांचेच कमी होणार आहेत, आणि ज्याच्यासाठी ही रेस घेतोय तोच ट्रॉलीवर नसला तर बाकी सगळं कशाला करायचं. ज्याला नुसती स्वतःची गाडी पळवायचीय त्याला रविवार आहेच की. ताई, तुमच्या मुलीला विचारा एखाद्या टीमची कॅप्टन होतीस का, कुठल्या टीमला ती मिळणार यावरनं आत्ताच वाद सुरू झालाय.

जागा कॉलेजचीच धरतोय, टॉयलेट आहे, पाणी आहे, आणि दुपारनंतर बिल्डिंगची सावली फिनिश लाईनवर येते त्यामुळं आयआरला पण बरं. साखरपाणी नाही, खराटा आणि पाणी. स्पीकर लावायचा तर पोलीस स्टेशनला अर्ज देतोय, संध्याकाळी सहाच्या आत सगळं आटपतंय त्यामुळं अडचण येऊ नये. लॅप हातानं मोजणार आणि सोबत लूप_आणि_सोल्डरचा काउंटर, दोन्हींचा मेळ दर अर्ध्या तासाला. वायरमन दादा, बोर्ड आणि चार्जिंगचं टेबल तुमच्या ताब्यात, तिथं तुमचा शब्द शेवटचा.

काका, तुमची बग्गी दुपारी एक ते दीड, कॉलेजच्या सरांशी बोललो, अर्धा तास आवाज चालेल म्हणाले. तेवढ्या वेळात चार्जिंग पूर्ण बंद आणि इंधनाचा कॅन कोर्टच्या पलीकडच्या कोपऱ्यात.

आता दोनच गोष्टी राहिल्या. सुरुवात सकाळी नऊला करायची का दहाला, आणि ट्रॉल्या-पाईप आणायचं कसं.

तासगावची_बग्गी

दहालाच करा. डिसेंबरात आमच्याकडं सकाळी धुकं आणि दव असतंय, कोर्ट नऊपर्यंत ओलं राहतंय, पहिल्या वळणालाच सगळ्या गाड्या गटारात जातील. तारीख मात्र जानेवारीच्या मध्याच्या आधीची धरा, नंतर द्राक्षाचा माल सुटला की मला आणि ट्रॅक्टरला दोघांनाबी सवड नाही.

ट्रॉल्या दोन माझ्याच आहेत, आदल्या दिवशी दुपारी आणून लावतो, डिझेल तेवढं बघा. ६३ चा पाईप शेडमागं पडलेला आहे, ट्रॅकला पुरेल का ते कळायला मला कोर्टची मापं आणि ट्रॅकचं चित्र पाठवा. कमी पडला तर शेजाऱ्याकडनं घेतो. आणि पाईपवर माझ्या गड्यानं लाल रंगानं नाव घातलंय, ते पुसायचं नाही, परत नेताना ओळखायला लागतंय.

कुपवाड_वायरमन

काका चित्र मी पाठवतो, शनिवारी सकाळी कोर्टवर टेप घेऊन जातोय बोर्डाची जागा बघायला. विश्रामबाग, तू पण ये, आणि येताना खडू आण.